चाकांवरचे घर आणि जमिनीवरचा पत्ता

अमेरिकेत 'आरव्ही', म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, या एका नावाखाली बसएवढी मोटारघरे, मोठ्या गाडीमागे जोडून ओढायच्या खोल्या आणि आतून बदलून घेतलेल्या व्हॅन अशी नाना प्रकारची वाहने मोडतात, आणि सुटीतल्या सहलीसाठी बनवलेले हे वाहन जे लोक बाराही महिने राहते घर म्हणून वापरतात त्यांना तेथे 'फुलटायमर' म्हणतात. या जीवनपद्धतीचे वर्णन बहुधा मुक्तीच्या भाषेत केले जाते: घरपट्टी नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही, आज डोंगर तर उद्या समुद्र. हे वर्णन खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण पाणी, सांडपाणी, वीज आणि पत्ता या ज्या व्यवस्था स्थिर घरात भिंतीआड आणि सरकारी दप्तरांत मुकाट्याने चालू असतात, त्या घर हलू लागताच एकेक करून राहणाऱ्याच्या अंगावर येतात आणि त्याचा दिवस बराचसा त्यांच्यातच जातो.

प्रस्तुत विवेचनाला लेखिका आणि तिचे पती यांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या या दांपत्याने निवृत्तीनंतर उपनगरातील घर विकून 'क्लास सी' प्रकारचे मोटारघर घेतले. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले, चालकाच्या डोक्यावरच्या भागात पलंग असलेले हे मध्यम आकाराचे वाहन असते. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे किंवा उंचावर, असा या घराचा वार्षिक क्रम ठरून गेला. कॉलोराडो नदीलगतच्या सखल वाळवंटातून सुमारे ६,९०० फूट उंचीच्या फ्लॅगस्टाफकडे चढून गेले की राज्य न बदलताही ऋतू बदलतो, हे फुलटायमर फार लवकर शिकतात.

या घराचे खरे मोजमाप त्याच्या लांबीत नसून त्याच्या टाक्यांत असते. वाहनाच्या पोटात तीन टाक्या असतात: पिण्या-वापरण्याच्या ताज्या पाण्याची, मोरीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, जिला 'ग्रे' म्हणतात, आणि शौचालयाची, जिला 'ब्लॅक' म्हणतात. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची धरली आणि मिनिटाला दोन गॅलन पाणी ओतणारा शॉवर सरळ चालू ठेवला, तर दोन माणसांच्या चार दिवसांचे पाणी वीस मिनिटांत संपते. म्हणून अंग भिजवून नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ उघडायचा, ही रीत सर्वत्र रूढ आहे. माणदेशात, टँकरची वाट पाहणाऱ्या गावात बालपण गेलेल्या लेखिकेला हा हिशेब नवा नव्हता. तांदळाचे धुवण टाकून न देता त्याने ताटे विसळायची, खरकटे आधी कागदाने पुसून घ्यायचे, कपड्यांचे शेवटचे पाणी शौचालयासाठी राखून ठेवायचे, या आजीच्या घरातील सवयी तिला ॲरिझोनात जशाच्या तशा उपयोगी पडल्या. एक फरक मात्र जाणवण्याजोगा होता. माणदेशात पाणी आणणे हेच कष्टाचे काम असे, तर येथे पाणी आणण्याइतकेच ते वापरून झाल्यावर नेऊन टाकणेही माथी असते, आणि ग्रे टाकी भरली की ताजे पाणी शिल्लक असूनही मोरी बंद ठेवावी लागते.

सांडपाणी सोडण्याच्या जागेला 'डंप स्टेशन' म्हणतात. सिमेंटच्या उतरत्या चौथऱ्यात मैलावाहिनीचे झाकणबंद तोंड आणि शेजारी धुण्यापुरता एक नळ, एवढाच तिचा पसारा असतो. तेथील कामाचा क्रम पक्का ठरलेला आहे. हातमोजे घालून तीन इंच जाडीची नळी वाहनाला आणि जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची, आधी ब्लॅक टाकीची दांडी ओढायची, नळीच्या वळणावरच्या पारदर्शक तुकड्यातून प्रवाह ओसरलेला दिसला की ती बंद करायची आणि मग ग्रे टाकी उघडायची, म्हणजे साबणाचे पाणी मागून येऊन नळी धुऊन नेते. वीज, पाणी आणि मैलावाहिनी या तिन्हींची जोडणी असलेल्या जागी, म्हणजे 'फुल हुकअप'वर, वाहन उभे असले तरी ब्लॅक टाकी कायम उघडी ठेवायची नसते, कारण तसे केल्यास पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट मैला तळाशी साचून दगडासारखा होतो. टाकी दोन-तृतीयांश भरू देऊन एकदम सोडणे हाच उपाय. हे काम स्वतःच्या हाताने करणाऱ्या माणसाची सांडपाण्याकडे, आणि इतरांचा मैला आयुष्यभर उपसत आलेल्या माणसांकडे पाहण्याची नजर बदलते, असे लेखिकेचे ठाम मत आहे, आणि भारतीय वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

विजेची मर्यादाही अशीच रोजच्या व्यवहारात उतरते. तीस ॲम्पिअरची जोडणी १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देते, त्यामुळे वातानुकूलन चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की खटका पडतो. जोडणीशिवाय उघड्यावर राहण्याला 'बूनडॉकिंग' म्हणतात. तेव्हा छपरावरची सौरपाटी, बॅटरी आणि प्रोपेन वायूची टाकी एवढ्यावरच सगळे भागवावे लागते. अशा स्वयंपाकघरात प्रेशर कुकरइतके मोलाचे भांडे दुसरे नाही, कारण तूरडाळ आणि भात एकाच वेळी, थोड्या वायूत आणि फारशी वाफ न सोडता तयार होतो. वाफेचा मुद्दा किरकोळ नाही: थंडीत बंद मोटारघरात भाजी शिजवली की छताला दव धरते आणि पलंगामागच्या भिंतीत बुरशी शिरते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही फोडणी देताना छतावरची झडप उघडी ठेवावी लागते. जुन्या धर्तीचे, अमोनियाच्या अभिसरणावर चालणारे शीतकपाट वाहन तिरपे उभे असल्यास नीट चालत नाही. म्हणून मुक्कामी पोचल्यावर पाणसळ ठेवून, चाकांखाली ठोकळे सारून घर समपातळीत आणणे हे पहिले काम, चहा त्यानंतर.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न आहे तो या वस्तूच्या कायदेशीर स्वरूपाचा: हे घर आहे की वाहन? आयकराच्या दृष्टीने, झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असल्यास ते घर ठरते आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज घरकर्जाच्या व्याजासारखे वजावटीस पात्र होऊ शकते. पोलिसांच्या दृष्टीने चित्र उलटे आहे. 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' या खटल्यात १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, चटकन रस्त्याला लागू शकेल असे आणि वस्तीसाठी नेमलेल्या नसलेल्या जागी उभे असलेले मोटारघर झडतीच्या बाबतीत वाहनच मानावे, म्हणजे सबळ कारण असल्यास वॉरंटशिवायही त्याची झडती घेता येते. ठोकळ्यांवर चढवलेल्या किंवा वीज-पाण्याला जोडलेल्या मोटारघराचा प्रश्न मात्र न्यायालयाने मोकळा ठेवला. घराच्या खाजगीपणाचे जे संरक्षण राज्यघटना देते, ते अशा रीतीने नळीच्या जोडणीवर अवलंबून राहू शकते, ही गोष्ट वाळवंटात एकांती मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

पत्त्याविना तर या देशात पाऊलही टाकता येत नाही. वाहन परवाना, विमा, मतदान, कर, बँक, ज्युरीचे बोलावणे, सर्वांना एक राज्य आणि एक ठिकाण लागते. कायद्याने मान्य अशा या कायमच्या ठिकाणाला 'डोमिसाइल' म्हणतात. फुलटायमर बहुधा दक्षिण डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण या राज्यांत वैयक्तिक आयकर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तेथे रुजलेल्या आहेत. दक्षिण डकोटाचा परवाना तर राज्यातील एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून मिळवता येतो. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ साली 'एस्केपीज' ही फुलटायमरांची संघटना स्थापन केली, आणि टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या छोट्या गावातील तिचे टपालकेंद्र हा असंख्य भटक्या कुटुंबांचा कागदोपत्री उंबरठा झाला आहे. लेखिकेच्या कुटुंबानेही तोच पत्ता घेतला. मराठी माणसाला येथे आणखी एक धागा सांभाळावा लागतो, कारण भारतीय नागरिकत्वाशी निगडित कागदपत्रांसाठी कोणत्या वाणिज्य दूतावासाकडे जायचे हे राहत्या राज्यावरून ठरते आणि निवासाचा पुरावा मागितला जातो. आरोग्यविम्याचे गणित त्याहून कठीण: पासष्टीनंतर मिळणारे मूळ मेडिकेअर देशभर चालते, पण खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारे 'मेडिकेअर ॲडव्हान्टेज' बहुधा एका प्रदेशातील डॉक्टरांशी बांधलेले असते, आणि पासष्टीच्या आतल्यांसाठीचे विमेही राज्य व परगणा पाहूनच दिले जातात. सतत फिरणाऱ्या माणसाने स्वस्त हप्ता पाहून विमा निवडणे म्हणजे आजारपण लिव्हिंग्स्टनच्या आसपासच गाठेल असे गृहीत धरणे होय.

मुक्कामाच्या जागांमध्ये क्वार्ट्झसाइटचे स्थान वेगळे आहे. फिनिक्स आणि लॉस एंजेलिस यांना जोडणाऱ्या महामार्गावरील या ॲरिझोनातील गावाची कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे, पण हिवाळ्यात भोवतालचे वाळवंट वाहनांनी भरून जाते. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच राहता येते आणि नंतर दूर हलावे लागते. याला अपवाद म्हणून १९८३ साली काही क्षेत्रे दीर्घ मुक्कामासाठी राखली गेली, जेथे शुल्क भरून घेतलेल्या परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिने मुक्काम करता येतो. गावच्या स्मशानभूमीत पिरॅमिडच्या आकाराची, माथ्यावर धातूचा उंट असलेली एक समाधी आहे. लष्कराने १८५६ च्या सुमारास मालवाहतुकीच्या प्रयोगासाठी आणलेल्या उंटांबरोबर आलेल्या आणि १९०२ साली वारलेल्या हाजी अली या उंटवानाची ही समाधी. त्याच्या नावाचे स्थानिकांच्या तोंडी 'हाय जॉली' झाले. महामार्ग आणि मोटारघरे येण्यापूर्वी या मुलखात वाटचाल करणारी माणसे कोण होती याची ही खूण प्रत्येक फुलटायमरने आवर्जून पाहावी.

याच वाळवंटात अतिशय महागडे मोटारघर आणि मागच्या काचेला पुठ्ठा लावलेली जुनी व्हॅन शंभर पावलांच्या अंतराने उभी असतात, आणि दोन्हींतले लोक एकाच डंप स्टेशनच्या रांगेत येतात. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या 'नोमॅडलँड' या पुस्तकाने, आणि त्यावरून क्लोई जाओ यांनी केलेल्या चित्रपटाने, या दुसऱ्या गटाकडे जगाचे लक्ष वेधले: निवृत्तिवेतन अपुरे, घरभाडे आवाक्याबाहेर, म्हणून उतारवयात गोदामांत, छावण्यांच्या देखभालीत किंवा मिनेसोटा-उत्तर डकोटाच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात शरदातल्या बीटाच्या काढणीवर हंगामी काम करणारी ही माणसे. चित्रपटाची सुरुवात ज्या एम्पायर गावापासून होते, तेथील जिप्समचा कारखाना २०११ साली बंद पडला आणि गावाचा पिनकोडही रद्द झाला. म्हणजे आधी पत्ता गेला आणि मग चाके आली. लेखिकेच्या कुटुंबाने पत्ता स्वतः निवडला, घर स्वतः विकले, आणि कंटाळा आल्यास परत फिरण्यापुरते पैसे बाजूला ठेवले. या दोन अवस्थांना एकाच 'भटक्या जीवना'च्या नावाखाली गोळा करणे अन्यायाचे आहे. सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास बंदी घालणारे नियम अमलात आणणे ही क्रूर शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगॉनमधील शहराच्या खटल्यात २०२४ साली ठरवल्यानंतर तर हा फरक अधिकच बोचतो: ज्याच्यापाशी छावणीचे भाडे आहे त्याला नियम बाजूने वळसा घालून जातात, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याच्या खिडकीवर रात्री टकटक होते.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. वाहन चालवणे झेपेनासे झाले की काय करायचे, याच्या आराखड्याला फुलटायमर 'एक्झिट प्लॅन' म्हणतात, आणि ज्यांनी तो आखलेला नसतो त्यांची परवड होते. लिव्हिंग्स्टनमध्ये एस्केपीजशी संलग्न 'केअर' नावाचे ना-नफा केंद्र आहे. आजारी किंवा थकलेल्या सभासदांना तेथे स्वतःचे मोटारघर उभे करून त्यातच राहता येते, जेवण मिळते, धुणे होते आणि डॉक्टरांकडे नेण्याची सोय असते. मुलांकडे राहायला जाणे किंवा सातारा-पुण्यात परतणे हे पर्याय लेखिकेच्या कुटुंबाने तपासून पाहिले आहेत. पतींची रात्रीची नजर मंदावू लागल्यापासून अंधारात गाडी न चालवण्याचा नियम त्यांनी केला आहे, आणि दिवसाही चालवणे जड जाईल तेव्हा टेक्सासची वाट धरायची, असे दोघांचे ठरले आहे.