आधी बावखलं

वसईच्या पट्ट्यातल्या आमच्या वटार गावाचा नकाशा काढताना मी रस्ते सगळ्यात शेवटी काढतो. आधी बावखलं. वाडी शिंपण्यासाठी खणलेली, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारी ही तळी. समुद्राला इतक्या लागून असलेल्या गावाचा जीवच त्यांच्यात. त्यांच्यावर रहाट चालले, केळी वाढल्या, पानवेली चढल्या. सरकारी गावनकाशात सर्व्हे नंबर असतात, हिस्से असतात, बांध असतात. ते हवेतच, जमिनीचा वाद उभा राहिला की तोच कागद कामाला येतो. पण कोण कुठल्या बावखलात पोहायला शिकलं, कुठल्या काठावर बायकांची धुणी आणि बोलणी चालायची, हे त्या कागदाचं काम नाही. त्यासाठी वेगळा नकाशा लागतो आणि तो मी काढतो.

माझ्या नकाशाचं प्रमाण आठवणींवरून ठरतं. ज्या जागेबद्दल माणसं भरभरून बोलतात, ती कागदावर मोठी होते. विहीर किती लांब होती, असं विचारून हाती फारसं काही लागत नाही. ‘आजी, पाण्याला निघालीस की वाटेत कोण कोण भेटायचं?’ असं विचारावं. मग ती वाट घरांसकट, झाडांसकट, भांडणांसकट सांगितली जाते. उत्तर दिशा वरच हवी, हा हट्टही मी धरत नाही. सांगणारा समुद्राकडे तोंड करून बोलत असेल, तर कागदाच्या वरच्या कडेला पश्चिम येते.

जमीन वरून आणि माणसं समोरून, अशी दोन्ही एकाच कागदावर काढायचं बळ मला वारली चित्रांनी दिलं. आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या, डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हे त्या कलेतलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं सगळा पट व्यापतं आणि त्याच्या भोवतीनं आख्खं जग चालू असतं. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांची चित्रं ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामासोबत मांडली गेली. लाँग मैलोन्‌मैल चालतात आणि चाललेली वाट नकाशावर रेघेनं उमटवतात. ती रेघ हीच कलाकृती. मला ही जोडी फार योग्य वाटते.

गोष्ट नकाशातून जन्मते, हेही खरं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सननं १८८१ मध्ये एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या कागदाकडे बघता बघता ‘ट्रेझर आयलंड’ सुचली. आणि नकाशावर नाव येणं आमच्या भागाला नवं नाही; शेजारच्या सोपाऱ्याचं नाव तर भूगोलकार टॉलेमीनं दुसऱ्या शतकातच आपल्या भूगोलात नोंदवलं. बावखलांची नावं मात्र मी पाहिलेल्या एकाही छापील नकाशावर नाहीत.

वसईच्या पट्ट्यात कितीतरी बावखलं बुजवली गेली. ती कशी काढायची? पुसायची नाहीत, असं मी ठरवलं आहे. बुजलेलं बावखल तुटक रेषेनं काढतो, आत त्याचं नाव लिहितो आणि त्यावर आज जे उभं आहे ते फिक्या रंगात दाखवतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये दिवसेंदिवस पाणी तुंबलं, तेव्हापासून या तुटक रेषा मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. जिथे पाणी मुरायचं, साठायचं, ती जागा पुढच्या पिढीला निदान कागदावर तरी सापडली पाहिजे.

तुमच्या गावातही हे करा. मोजपट्टी नको, चित्रकलेचा हातही नको. एक मोठा कागद घ्या, आळीतल्या सगळ्यात वयस्क माणसाशेजारी बसा आणि तळ्यांची, विहिरींची, बांधांची नावं लिहून घ्या. याच पावसाळ्याआधी.