परनानीचे वडील

शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. आमच्या उर्दू शाळेत तिला दाखिला रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत आलं की पुढचा क्रमांक त्याच्या नावावर पडतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच लिहिला जातो. बी.एड.ला हे कुणी शिकवत नाही. नोकरीत आल्यावर हेडमास्तर वही पुढ्यात ठेवतात आणि माणूस आपोआप शिकतो. चार-पाच वर्षं ती वही हाताळली की दाखल्यावरची तारीख वाळवीनं खाल्लेली असली तरी क्रमांक पाहून सांगता येतं, हा अमुक सालचा असणार. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा क्रमांक वहीत शोधायचा, की मधला सापडतो.

या विद्येचा उपयोग आम्हाला आमच्याच घरात करावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

आमचं आजोळ नगरच्या छावणीजवळचं. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. नानीचा रंग गोरा, डोळे घारे. मोहल्ल्यात भांडण झालं की समोरची बाई शेवटचं हत्यार काढायची, "गोरे की औलाद!" नानी काही बोलायची नाही, दार लावून घ्यायची. कारण गोष्ट खरी होती. नानीच्या आईचे वडील, म्हणजे आमच्या परनानीचे वडील, इंग्रज पलटणीतले शिपाई होते. परनानीचा जन्म राणी मेली त्या साली, म्हणजे १९०१ चा. ती नुकती चालायला लागली असताना, थंडीच्या दिवसांत, तो गेला आणि परत आला नाही. घरात एवढंच ठाऊक होतं. बाकीचं लोकांनी भरलं. कुणी म्हणायचं पलटणीतून पळाला, कुणी म्हणायचं बायको-पोरीला टाकून दुसरीकडं घर केलं. आमच्या मामूंनी घराण्याचा शजरा मोठ्या हौसेनं सुंदर नस्तालीकमध्ये लिहून घेतला होता. त्यात परनानीच्या वडिलांची जागा कोरी होती.

त्याच्या मागं एकच वस्तू राहिली होती, चांदीचं एक पदक. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला एकच झेंडा धरून उभे असलेले एक गोरा आणि एक हिंदी शिपाई. हे सरहद्दीवरच्या लढायांचं पदक, १८९७-९८ ची पट्टी असलेलं. शिपायांना ते चांदीचं मिळे, पलटणीबरोबरच्या नोकरांना ब्राँझचं. घरात उपासमार झाली तेव्हा भांडी गहाण पडली, पदक पडलं नाही. नानी ईदच्या आधी ते चिंचेनं घासायची. त्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं आहेत, हे आमच्यातल्या एका भाचीनं मोबाइलच्या भिंगातून पाहिलं. आधी चार आकडी क्रमांक, मग हुद्दा, नाव आणि पलटण. नाव आणि पलटण आम्ही इथं लिहीत नाही. त्याच्या गावी त्याचेही कुणी नातलग असतील.

नाव मिळालं म्हणून घरात आनंद झाला. आम्हाला मात्र क्रमांकाचा झाला.

इंग्रजांच्या फौजेत १९२० पर्यंत साऱ्या फौजेचा मिळून एक क्रमांक नव्हता. प्रत्येक रेजिमेंटची आपली वही. १८८१ साली पायदळाची नवी रचना झाली, जुन्या आकड्यांच्या पलटणी जाऊन परगण्यांच्या नावाच्या रेजिमेंटी आल्या आणि बहुतेकांनी नव्यानं एकपासून क्रमांक द्यायला सुरुवात केली. रेजिमेंटच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही कायम बटालियनींची वही एकच. वही ९९९९ पर्यंत गेली की पुन्हा नवी मालिका. म्हणजे कुठलाही शिपाई घ्या, त्याच्या रेजिमेंटमध्ये त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण भरती झालं, हे क्रमांकावरून कळतं. हुबेहूब आमचं दाखिला रजिस्टर.

आणि शाळेच्या वहीत जे खड्डे असतात तेही इथं आहेत. दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलाला तिथला नवा क्रमांक मिळतो. तसाच एका रेजिमेंटमधून दुसऱ्यात बदलून गेलेल्या शिपायालाही नवा मिळे. तेव्हा तो क्रमांक बदलीची तारीख सांगतो, भरतीची नव्हे. मिलिशियाची वही वेगळी, हौशी स्वयंसेवकांची वेगळी. १९०८ साली टेरिटोरियल फौज उभी राहिली, तिच्या बटालियनींनी आपापल्या वह्या पुन्हा एकपासून मांडल्या. पुढं १९१७ च्या सुरुवातीला त्यांच्या पायदळाला सहा आकडी क्रमांक मिळाले. म्हणून कुणाच्या कागदावर दोन लाखांच्या पुढचा असा क्रमांक दिसला, तर हा माणूस १९१७ मध्ये टेरिटोरियल होता असं धरावं. नुसती चार आकडी संख्या पाहून साल सांगणारा माणूस ज्योतिषी समजावा. आधी रेजिमेंट, मग बटालियनीचा प्रकार आणि शेवटी क्रमांक, हाच क्रम.

आमचं काम त्यामानानं सोपं होतं. पदकावर कायम बटालियनीचं नाव होतं आणि काळ १९०८ च्या आधीचा. लंडनजवळ क्यू इथं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथले निवृत्त आणि मुदत संपलेल्या शिपायांचे १९१३ पर्यंतचे कागद आता संगणकावर पाहता येतात. आम्ही रात्री मुलांच्या वह्या तपासून झाल्या की बसायचो. आमच्या शिपायाचा स्वतःचा कागद निघाला नाही. तो १९१४ च्या युद्धात पुन्हा उभा राहिला असेल, तर त्याचे कागद पुढच्या गठ्ठ्यात गेले असणार. ते गठ्ठे लंडनच्या ज्या गोदामात होते त्यावर सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे निम्म्याहून अधिक कागद जळाले. उरलेल्यांना आजही 'जळके कागद' म्हणतात.

पण शेजाऱ्यांचे कागद होते. आम्ही त्याच रेजिमेंटचे, जवळपासच्या क्रमांकांचे शिपाई शोधत गेलो. प्रत्येक कागदावर भरतीची तारीख असते. समजा, ४१०० चा माणूस जानेवारीत भरती झाला आणि ४२०० चा जूनमध्ये, तर ४१५० चा माणूस त्या दोन महिन्यांच्या मधला. दोनच कागदांवर विसंबू नये. आठ-दहा तरी जमवावेत. एखादा क्रमांक उलटा लागला तर तो बदलून आलेला असतो, बाजूला ठेवावा. आमच्या शिपायाचा क्रमांक अखेर दोन कागदांच्या मध्ये बसला. एक १८९४ च्या फेब्रुवारीतला, दुसरा त्याच वर्षीच्या मेमधला.

तेवढ्यावर घरातले म्हणाले, "बस, हो गया." पण आमच्या डोक्यात भरतीच्या करारातलं एक कलम घोळत होतं. त्या काळचा पायदळातला शिपाई सामान्यपणे १२ वर्षांसाठी सही करायचा. ७ वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि ५ राखीव. सातवं वर्ष संपताना तो समुद्रापार असेल तर ८ वर्षं पलटणीत आणि ४ राखीव. युद्ध चालू असेल तर सरकार आणखी वर्षभर अडकवू शके. १८९४ मध्ये ८ मिळवले की १९०२ येतं. मुदत संपलेल्या गोऱ्यांना थंडीच्या मोसमात जहाजानं परत नेत. त्याआधी त्यांना आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला आणून ठेवत. तिथं महिनोन्‌महिने बिनकामाचं बसून काहींचं डोकं फिरे. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात, ते हेच देवळाली. त्याला जोडून 'टॅप' म्हणत, तो आपला तप, फारसीतला ताप.

म्हणजे १९०१ ला जन्मलेली पोरगी चालायला लागली, थंडी पडली आणि तो गेला, हे नानीनं आईकडून ऐकलेलं सगळं महिन्यांसकट जुळत होतं. त्याला पळायचं कारणच नव्हतं. त्याची मुदत भरली होती.

मग त्यांना बरोबर का नेलं नाही? इथंही कायदा उभा होता. शिपायाला लग्नाला अधिकाऱ्याची परवानगी लागे आणि पलटणीच्या पटावर ठरावीक थोड्याच बायका घेत. पटाबाहेरच्या बाईला ना खोली, ना शिधा, ना जहाजाचं तिकीट. छावणीच्या कुंपणाबाहेर संसार मांडलेली आमच्या परनानीची आई त्या पटावर असण्याचा प्रश्नच नव्हता. निकाह झाला होता असं नानी शपथेवर सांगते. पलटणीच्या लेखी तो झालाच नव्हता.

१९२० पासून ब्रिटिश फौजेनं सगळ्यांसाठी एकच मालिका केली. एकेका दलाला क्रमांकांचे पट्टे दिले. तोफखान्याला ७२१००१ पासून, इंजिनिअरांना १८४२००१ पासून. बदली झाली तरी माणसाचा क्रमांक त्याच्याबरोबर जाऊ लागला, जसा आपल्याकडं 'सरल' आल्यापासून विद्यार्थ्याचा जातो. आमचा शिपाई त्याच्या आधीचा. त्याचा क्रमांक रेजिमेंटबाहेर कुणाला ओळखू येत नव्हता आणि रेजिमेंटला छावणीबाहेरचं त्याचं घर ओळखायचं नव्हतं.

हे सगळं आम्ही नानीला सांगितलं. वय नव्वदीच्या पुढं, कान मंद. जवळ बसून, मोठ्यानं, एकेक साल सांगत गेलो. ती तसबीह बाजूला ठेवून ऐकत होती. मध्येच विचारलं, "तो वो भाग्या नै था?"

"नै नानी. उसकी मुद्दत खतम हुई थी."

नानीनं डोळे पुसले. आमच्या अम्मीनंही पुसले. सव्वाशे वर्षांचा डाग धुतला गेला असं वाटून खोलीत एकदम हलकं वाटलं. मग नानीनं विचारलं, "और रहना बोल्या तो रह सकता था?"

हे आम्हाला ठाऊक होतं आणि सांगायचं नव्हतं. चांगल्या वर्तणुकीच्या शिपायाला मुदत वाढवून मागता येत असे, २१ वर्षांपर्यंत. नानीनं मान हलवली. म्हणाली, "मुद्दत तो नौकरी की होती है बाबा. बेटी की किदर होती है?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. आमच्यातला एक जण त्याची बाजू मांडू पाहत होता. वाढ मागितली असती तरी बटालियन हलली की तोही हललाच असता, असं. नानीनं हातानंच थांबवलं. ती रागावलेली नव्हती. सगळा जन्म ज्याला चोर म्हणून ऐकलं तो चोर नव्हता, एवढं तिला पुरलं. त्यापुढचा हिशेब तिच्या अम्मीचा होता आणि तो माफ करायचा हक्क तिनं आपल्याकडं घेतला नाही.

मग मामूंना शजरा काढायला सांगितला. कोऱ्या जागी काय लिहायचं यावर बराच वेळ चर्चा झाली. कुणी म्हणालं नुसतं नाव लिहा, कुणी म्हणालं 'इंग्रज' लिहू नका, पोरींच्या लग्नात विचारतील. नानीनं सांगितलं, नाव लिहा, नंबर लिहा, साल लिहा. मामूंनी बोरू घेतला आणि उजवीकडून डावीकडं लिहिलं. नाव. क्रमांक. भरती १८९४. मुदत पूर्ण १९०२. त्याखाली नानीनं सांगून एक ओळ आणखी लिहून घेतली, 'एक बेटी छोडी'.