काशीला एक आठवडा दे

ब्रह्माघाट, वाराणसी
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं मोरोक्कोचं पत्र पोचलं. कॅसाब्लांकाची समुद्रावर बांधलेली मशीद, फेझच्या गल्ल्या, मर्झूगाच्या वाळूतली रात्र, माराकेशचा चौक आणि शेवटी एसाविराच्या तटावरचा वारा, एवढं सगळं सात दिवसांत पाहिलंस आणि मावशीला आठवणीने लिहिलंस, फार बरं वाटलं. फेझवर तू सगळ्यात जास्त लिहिलंस, तेही मला पटलं. मोटार शिरूच शकत नाही अशा गल्ल्या, गाढवावर लादलेली कातडी, कातडी कमावायच्या कुंडांपाशी वास सोसवेना म्हणून नाकाशी धरलेली पुदिन्याची काडी. शहर असं पायांनी आणि नाकाने पाहावं लागतं, हे तुला तिथे कळलं. आता त्याच डोळ्यांनी तू काशी पाहावीस म्हणून हे पत्र.

कारण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की तुझी काशी तर पाहून झाली आहे. बाळा, तू अयोध्या आणि प्रयागच्या मधे बसवलेल्या सहलीतून इथे आली होतीस. संध्याकाळी दशाश्वमेधावर आरती, पहाटे रांगेत उभं राहून विश्वनाथाचं दर्शन, दुपारी आमच्याकडे जेवण आणि रात्रीची गाडी. दर्शन झालं, ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण महाराष्ट्रातून येणारी बहुतेक माणसं अशीच येतात आणि अशीच जातात. आपल्याच माणसांनी बांधलेल्या शहराला पाठ करून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेझच्या करावियीन मशिदीच्या दारातून तू आत डोकावलीस आणि ती बांधणाऱ्या फातिमा अल-फिहरीबद्दल भरभरून लिहिलंस. कैरवानहून फेझला येऊन राहिलेल्या घराण्यातली बाई. वडिलांकडून वारशाने आलेला पैसा तिने ८५९ साली मशिदीला लावला, तिच्या बहिणीने नदीपलीकडे दुसरी मशीद उभी केली, असं तिथली परंपरा सांगते. त्या मशिदीतूनच पुढे जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक घडलं. बाईमाणसाने आपल्या जन्मगावापासून दूरच्या शहरात आपला पैसा दगडात घालावा, याचं तुला अप्रूप वाटलं. मलाही वाटतं. म्हणूनच तुला चौंडीच्या मुलीकडे, अहिल्याबाई होळकरांकडे, नीट बघायला सांगते.

काशीविश्वेश्वराचं देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडलं गेलं. त्याआधीचं देऊळ अकबराच्या काळात उभं राहिलं होतं आणि त्यामागे नारायणभट्ट होते. मूळचं पैठणचं घराणं, काशीत स्थायिक झालेलं. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. देऊळ पाडल्यावर शंभरावर वर्षं विश्वेश्वराला साजेसं देऊळ नव्हतं. आज आपण ज्या गाभाऱ्यात डोकं टेकतो तो अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधवला. शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंगांचं, पण खालचं देऊळ आपल्या अहिल्याबाईंचं. हाताशी नवरा नाही, मुलगा नाही, राज्य इथून कितीतरी दूर नर्मदेकाठी महेश्वरला. तरी या बाईने देऊळ बांधलं, मणिकर्णिकेचा घाट बांधला आणि दशाश्वमेधाशेजारी स्वतःच्या नावाचा घाट आणि वाडा उभा केला. तू आरती पाहिलीस तिथून उजवीकडे चार पावलं टाकली असतीस तर त्या घाटावर पोचली असतीस.

आणि बायजाबाई शिंदे. त्यांचं नाव तर पुण्या-मुंबईत कोणी घेतही नाही. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी बायजाबाईंनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती दगडी खांबांचा मंडप उभारला आणि नंतर मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट बांधवला. तो घाट स्वतःच्या भारानेच खचला. तिथेच पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ एका अंगाला कललेलं उभं आहे. वर्षातले कितीतरी महिने त्याच्या गाभाऱ्यात गंगेचं पाणी असतं, पूजा होत नाही. गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले ते याच बायजाबाईंनी मथुरेत मांडलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. बंडात सापडले, झाशीत राणीच्या आश्रयाला राहिले, वाटेत लुटले गेले आणि तरीही गंगेची कावड खांद्यावरून घरी नेऊन त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. येण्याआधी ते वाच. मोरोक्कोला जाण्यापूर्वी तू तीन पुस्तकं वाचली होतीस, मग काशीला येताना एक तरी वाच.

चालायचं कसं ते सांगते. अस्सीपासून सुरुवात कर. तिथून जवळच भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. मग पाण्याकाठाने उत्तरेला निघ. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, त्यामुळे सूर्य नेहमी पलीकडच्या तीरावर उगवतो आणि सकाळचं कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. पुढे नागपूर दरबारच्या मुनशींचा घाट, अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध, मणिकर्णिका, शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, रामघाट, शिंद्यांच्या दिवाणांचा जटार घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि मग आमचा ब्रह्माघाट. अनंत सदाशिव आळतेकर आपल्याच मुलखातले, इथल्या हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक होते. आजचं बनारस मोठ्या अंशी मराठ्यांनी घडवलं, असा निष्कर्ष त्यांनी काशीच्या इतिहासात काढला. हा रस्ता चालल्यावर तो पटवून घ्यायला पुस्तक उघडावं लागत नाही.

ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट मात्र कोणा राजाने किंवा सरदाराने बांधले नाहीत. गोदावरीकाठच्या कायगावचे नारायण दीक्षित हे वैदिक, पेशव्यांना गुरुस्थानी असलेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते काशीत येऊन राहिले आणि त्यांनी हे घाट बांधवले. त्यांच्या आगेमागे कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ घरं इथे येऊन वसली. आपल्या बोलीत निम्मी हिंदी मिसळली तरी घरातलं पुरणावरणाचं ताट आणि गणपतीतली आरती मराठीच राहिली, ती या मोहल्ल्यांमुळे. बाबूराव विष्णु पराडकर याच शहरात १८८३ मध्ये मराठी घरात जन्मले आणि 'आज' दैनिकातून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावलं.

घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या, असं तू समजू नकोस. श्रावण-भाद्रपदात नदी इतकी चढते की पायऱ्या दिसतही नाहीत, होड्या वरच्या देवळांच्या दारांना बांधाव्या लागतात. त्या लोंढ्यापुढे शहर टिकावं म्हणून चुनारच्या वाळूखडकाचे चिरे खोलवर रचले, मधेमधे प्रवाहाचा जोर मोडणारे अष्टकोनी बुरूज काढले आणि वर तटासारख्या भिंतीचे वाडे उठवले. सगळं मिळून तो एक बांध आहे. आश्विनात पाणी ओसरलं की पायऱ्यांवर गुडघ्याइतका गाळ उरतो. मग पंप लावून, जाड नळीने पाण्याचा मारा करून माणसं एकेक पायरी मोकळी करतात. खालून चिऱ्यांच्या कडा उघड्या पडायला लागतात तेव्हा दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाची टाकी दिसते. मला विचारशील तर काशीतलं सगळ्यात मोठं मराठी काम देवळांचं नसून या पायऱ्यांचं आहे. देवळात देव असतो, पण पायरीवर येणाऱ्याला जात, धर्म, पैसा कोणी विचारत नाही.

आता पंचगंगेवर आकाशदिवे लागले आहेत. उंच बांबूच्या टोकाशी वेताच्या करंड्या टांगतात. तेलाचा दिवा आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि दोरी हलक्या हाताने ओढत करंडी वर चढवायची. वाऱ्याने हेलकावा बसला की दिवा विझतो, पुन्हा खाली घ्यावा लागतो. इथेच अहिल्याबाईंच्या नावाने सांगितली जाणारी हजार दिव्यांची दगडी दीपमाळ आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ आहे आणि त्याला लागून आलमगीर मशीद आहे. दोन पावलांवर बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं सनईचा रियाज करत. आणि याच काशीत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे १५७३ मध्ये, नाथांनी एकनाथी भागवत पुरं केलं. संस्कृत पंडितांच्या या नगरीत बसून मराठीत एकादश स्कंधावर एवढा ग्रंथ पुरा करायला किती धीर लागला असेल! पैठणच्या माणसाने तो धीर केला, म्हणून आज आपल्याकडे घराघरात भागवत वाचलं जातं.

वाळवंट तुला हवंच असेल तर तेही इथे आहे. अलीकडचा तीर उंच आणि कठीण मातीचा, म्हणून शहर याच बाजूला वसलं. पलीकडे नदी दरसाल रेती टाकते, तिथे कायमचं घर कोणी बांधत नाही. नावेने पार गेलीस की हल्ली उंट-घोडेही मिळतात, पण ते सोड. तिथे जायचं ते मागे वळून सगळे घाट एकदम बघण्यासाठी.

गल्ल्यांना दोन दिवस राखून ठेव. ठठेरी बाजारात तांब्यापितळेवर हातोड्या वाजतात, तिथून चौखंभ्याकडे ये. थंडी पडू लागली की सकाळी तिथे मलइयो मिळतो. उकळलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा केशरी फेस कुल्हडात भरून द्यायचा. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून नऊनंतर जाऊन उपयोग नाही. विश्वनाथाकडच्या गल्ल्या आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. १३ डिसेंबर २०२१ ला मंदिराचा नवा परिसर खुला झाला, तिथे अहिल्याबाईंचा पुतळाही बसवला. म्हाताऱ्या माणसांना दर्शन सोपं झालं हे खरं, देवळातून थेट गंगा दिसते हेही खरं. पण त्यासाठी शेकडो घरं गेली आणि त्या घरांमधल्या गल्ल्या परत येणार नाहीत. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवतात.

आमच्या बाजूच्या वाड्यांची अवस्था तू डोळ्यांनी बघ. वारसदार पुण्या-नागपूरला, खांबांना वाळवी, सज्जे झुकलेले. काही ठिकाणी परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. तसं तरी वाडे उभे राहतात, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. विद्या मात्र अजून जिवंत आहे. २०२५ मध्ये रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एकोणीस वर्षांच्या वैदिकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरं केलं. चौंडीही त्याच जिल्ह्यात.

तू लिहिलंस की मोरोक्को फार परकं वाटलं नाही. कसं वाटेल? टँजियरचा इब्न बतूता १३२५ मध्ये घर सोडून निघाला, दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी झाला आणि पुढे दक्षिणेकडे येताना आपल्या दौलताबादला पोचला. मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे, नंदुरबारचंही नाव त्याच्या वृत्तांतात येतं. ते सगळं त्याने पुढे मोरोक्कोत परतल्यावर सांगितलं आणि तुझ्या त्या फेझमध्येच १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. त्याला आपला मुलूख बघायला वेळ होता. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या आणि १७३६ च्या उन्हाळ्यात परतल्या. तेवढा वेळ मी मागत नाही.

पुण्याहून बनारसला येणारी ज्ञानगंगा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. एका खेपेने ये आणि पुढच्या खेपेने जा. राहायला आमचं घर आहे, चालायला चांगल्या चपला आण. माघात यायचं ठरवलंस तर आरक्षण सुरू होताच तिकीट काढ, नंतर मिळत नाही.

तुझी
मावशी