धक्का लागण्याआधी

मोठ्या बोअरची रायफल पहिल्यांदा चालवताना काय सांभाळावं, यावर संपादकांनी लिहायला सांगितलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे हा प्रश्न बहुधा एन.सी.सी.तल्या किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा असतो, आणि खरी विचारणा एकच असते : खांदा निखळतो का? निखळत नाही. पण धक्का खोटा नाही. मोठ्या बोअरच्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी साधारण ११ ग्रॅमची, सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटणारी. सरावाच्या पॉइंट टू-टूची गोळी अडीच ग्रॅमची, वेग निम्म्याहून कमी. दोन्ही रायफली मात्र चार किलोंच्या आसपास. म्हणजे मागे येणारा जोर दहापटीहून जास्त. तरीही नेम हा धक्का बिघडवत नाही. गोळी नळीत असते ती दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ, आणि तेवढ्यात रायफल मागे सरकते जेमतेम दोन मिलिमीटर. पापणी मिटायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. खांद्याला धक्का जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते.

नेम बिघडतो तो धक्क्याची वाट बघण्याने. काडतुसांत नेमबाजाच्या नकळत एक डमी मिसळली की हे उघड्या डोळ्यांना दिसतं : चाप दाबला जातो, आवाज होत नाही, आणि तरीही पापणी मिटते, खांदा पुढे येतो, नळीचं तोंड झपकन खाली जातं. यावर ‘रायफल आवळून धर’ असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला मला अर्धवट वाटतो. दस्ता खांद्याच्या खळग्यात पक्का टेकलेला हवाच. मध्ये फट राहिली तर रायफल वेग घेऊन खांद्यावर आदळते, आणि गळ्याच्या हाडावर टेकली तर काळंनिळं होतं. पण पकड पक्की असणं वेगळं आणि मूठ आवळणं वेगळं. मूठ आवळली की बोटही आवळतं, मग चाप दाबला न जाता ओढला जातो. कवायतीच्या हिंदीत नेमाला ‘शिस्त’ म्हणतात. जुन्या मराठीतही तो अर्थ होता, आणि मला तो फार नेमका वाटतो.

‘मग पहिल्यापासून मोठीच द्या, सवय होईल,’ असा आक्षेप येतो. सवय होते, पण दचकण्याची. आणि ती मोडायला महिने जातात. मोठी रायफल म्हणजे मोठी नेमबाजी, हा समज तर मनापासून खटकतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलं, दोघांचीही गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू-टूच. तिच्यावर ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लावणं, जमल्याशिवाय मोठी हातात देऊ नये. दिली तर कानांत कापसाचे बोळे चालणार नाहीत. बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, इअरमफच हवेत. दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून हातभर नाही, पण चार बोटं लांब हवा, नाहीतर भुवई फुटते. आणि पहिल्या दिवशी पाच गोळ्या पुरेत. त्यानंतर लगेच पुन्हा पॉइंट टू-टू हातात द्यावी आणि नळीचं तोंड खाली जातंय का, ते बघत बसावं.