नजरेखालची गोळी

रायफलची नळी आणि नेमबाजाची नजर या दोन रेषा कधीच एक नसतात. नजर वरून सरळ जाते. गोळी तिच्या खालून निघते, किंचित चढत नजरेला छेदते, थोडा वेळ तिच्या वरून चालते आणि स्वतःच्या वजनाने उतरताना तिला पुन्हा एकदा छेदते. आमच्या घाटनांदूरच्या शिवारात ज्वारी राखताना गोफणीचा दगड असाच जायचा. थव्यावर पोचवायचा तर तो थव्याच्या वर सोडावा लागे. गोळीची कमान मात्र इतकी सपाट, की डोळ्याला ती दिसतच नाही. ती निशाणाच्या कागदावर शोधायची असते, आणि तीही आधी जवळून. 25 मीटरवर जुळवलेली एम-16 रायफल पुढे साधारण 300 मीटरवर पुन्हा जुळते, ती या दुसऱ्या छेदामुळेच. पण जवळची एक सेंटिमीटरची चूक तिथे पोचेपर्यंत बारा सेंटिमीटरची होते.

माझ्या आजीच्या पिढीला बंदूक म्हटलं की निजामाच्या बाजूचे रझाकार आठवत. 16 जुलै 1948ला एनसीसी सुरू झाली, तेव्हा आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद मुक्त झालं त्यानंतर दोन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला. त्याच एनसीसीची .22 रायफल अंबाजोगाईला शिकताना माझ्या हाती आली. पोटावर पडून, डावं कोपर मातीत घट्ट रोवून, दस्ता खांद्याच्या खळग्यात ओढून घेतला. उस्तादांचं पहिलं सांगणं होतं, ‘ग्रुप बनाओ.’ मध्याचा विचार आत्ता नको, सगळ्या गोळ्या आधी एका जागी पडू देत.

यात फार मोठं शहाणपण आहे असं मला तेव्हाही वाटलं. एकट्या छिद्रावरून काहीच कळत नाही. गोळ्या विखुरल्या तर श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट तपासायचं. रायफलला हात लावायचा नाही. गोळ्या मध्यापासून लांब पण एकमेकींना चिकटून पडल्या, तरच दोष साईटचा म्हणता येतो. मग मागची साईट, ज्या बाजूला गोळ्या न्यायच्या त्या बाजूला सरकवायची. पुढची, म्हणजे माशी, नेमकी उलट: गोळ्या खाली पडत असतील तर माशीही खालीच घ्यायची.

सगळ्यांत अवघड काम डोळ्याचं. मागची खाच, माशी आणि कागदावरचा काळा गोल, तिन्ही एकदम स्पष्ट दिसतील असा डोळा माणसाला नाही. स्पष्ट दिसायला हवी ती माशी. ज्यावर नेम आहे तोच गोल धूसर राहू द्यायचा, आणि मन तर सारखं त्याच्याकडे धावतं. त्यात आमच्याकडचं ऊन! एका बाजूने पडलं की माशीची तेवढीच कड चकाकते आणि डोळा तिलाच मध्य समजतो. म्हणून जुने नेमबाज दिव्याच्या काजळीवर धरून माशी काळी करत.

2010मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. 2024मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. मागे बारीक छिद्र, पुढे कडं, आणि 50 मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं.

आमच्या रायफली सामायिक होत्या. मी उठले की त्याच जागी दुसरी मुलगी पडे. रायफल तीच, काडतुसं एकाच पेटीतली, तरी तिचा ग्रुप माझ्यापेक्षा दोन बोटं डावीकडे जाई. तिचा गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकत असे, बोट ट्रिगरवर वेगळं वाकत असे. दर मुलीमागे साईट हलवणं शक्य नव्हतं. म्हणून जिने तिने आपला फरक पाठ करायचा आणि तेवढा नेम दुसऱ्या बाजूला धरायचा.