कडकपणा संपतो तिथून

हॉर्नचं युनिट उघडल्यावर बहुतेकांची नजर चुंबकावर जाते, कारण वजन सगळं त्याचंच. मी आधी डायफ्राम काढून उजेडात धरतो. चार इंची ॲल्युमिनियमचा घुमट, पत्रा साधारण ५० मायक्रॉनचा. बोट जरा जोरात लागलं तरी खळगा पडतो. त्याच्या कडेला कॉईल, समोर जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर सोडून फेज प्लग. मैदानभर बसलेल्या माणसांपर्यंत कीर्तनकाराचा शब्द पोचवायचा तो या पत्र्याने. टेबलावर ॲल्युमिनियम, टायटॅनियम, फिनोलिक, पॉलिमर सगळं हाताखालून जातं आणि गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘यातला चांगला कुठला?’ या प्रश्नाला मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण कानाला पत्र्याचा कडकपणा ऐकूच येत नाही. तो कडकपणा जिथे संपतो तिथून पुढे पत्रा कसा वागतो, ते ऐकू येतं.

घुमट एकसंध पुढेमागे हलतो तोवर सगळे धातू सारखेच. एका टप्प्यानंतर मात्र त्याचे भाग आपापल्या मनाने हलायला लागतात, काही पुढे, काही त्याच वेळी मागे. चार इंची ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे १० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतं. तबल्याची पुडीसुद्धा अशीच विभागून कंप पावते, पण तिथे शाई त्या कंपनांना सुराच्या पटीत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये त्यावर लिहिलं होतं. तबल्याला स्वतःचा आवाज हवाच असतो. डायफ्रामला तो असता कामा नये.

हा टप्पा कुठे येईल ते बरंचसं त्या धातूतल्या ध्वनीच्या वेगाशी बांधलेलं असतं. ॲल्युमिनियममध्ये तो सेकंदाला ५,००० मीटरच्या थोडा वर, आणि टायटॅनियममध्ये जवळजवळ तेवढाच. टायटॅनियम दीडपटीहून अधिक ताठ आहे खरं, पण त्याची घनताही २.७ ऐवजी ४.५ आहे. ताठपणात मिळवलं ते वजनात गेलं. तरी १९८० च्या दशकात जेबीएलसारख्या कंपन्या टायटॅनियमकडे वळल्या, त्याचं कारण मला हातातल्या तुटक्या पत्र्यांवरून पटतं. ॲल्युमिनियम थकतं. रोज ट्रकमधून फिरणारी, रोज पूर्ण ताकदीने वाजणारी युनिटं उघडली की कडेच्या घडीत केसासारखी चीर दिसते. मग तुकडा कॉईलच्या फटीत जातो आणि कॉईलही जाते. टायटॅनियम हा मार जास्त सोसतं. ते टिकण्यासाठी निवडलेलं आहे. आवाजाचा सुधार म्हणून ते विकलं जातं, ते मला मान्य नाही.

कडेची घडी हा खरं तर स्वतंत्र विषय आहे. जेबीएलने हिऱ्याच्या पैलूंसारख्या घड्या घातलेली कड आणली, तेव्हा त्याच चार इंची घुमटाचं वरचं टोक आणखी पुढे सरकलं. धातू न बदलता, निव्वळ आकाराने. डायफ्रामच्या सगळ्या चर्चेत धातूचं नाव पुढे असतं आणि घडीचं कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फिनोलिककडे तर कोणी आदराने बघतच नाही. राळेत भिजवून गरम साच्यात दाबलेलं तपकिरी कापड, एवढंच ते. पण मंडपाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यात दुसरं काही तगत नाही. हॉर्नमध्ये आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरलं की डायफ्रामला दुप्पट हलावं लागतं, आणि हॉर्नच्या कट-ऑफखाली तर हवेचा आधारच सुटतो. मग तो थेट फेज प्लगवर आपटतो. अशा वेळी ॲल्युमिनियमच्या चिंध्या होतात. फिनोलिक आपटतं, परत येतं, वाजत राहतं. कोकणपट्टीवरून येणाऱ्या युनिटांत ॲल्युमिनियमवर खाऱ्या हवेची पांढरी भुकटी धरलेली दिसते, हा त्रासही याला नाही. शिवाय कापड आणि राळ मिळून कंपनं आतल्या आत जिरवतात, म्हणून त्याचं विभागणं कानाला टोचत नाही, आवाज हळूहळू उतरतो. झांजेची चकाकी त्याच्याकडून मिळणार नाही. बोलणाऱ्या माणसासाठी मात्र मी फिनोलिक बिनदिक्कत लावतो.

बेरिलियम दुसऱ्या टोकाला. घनता १.८५, ताठपणा ॲल्युमिनियमच्या चौपट, आतला वेग १२,००० मीटरच्या वर. पायोनियरने १९७५ मध्ये उभारलेल्या टॅडने बेरिलियमचं बाष्प साचवून घुमट घडवले. विभागण्याचा टप्पा इथे ऐकण्याच्या कक्षेच्या टोकाकडे ढकलला जातो आणि वरची पट्टी मोकळी, शांत येते. मला तो आवाज मनापासून आवडतो. पण हा धातू ठिसूळ आहे, वाकत नाही, फुटतो, आणि त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो. फुटलेला बेरिलियम डायफ्राम खरवडायचा नाही, फुंकर मारायची नाही. हातमोजे घालून पिशवीत बंद करायचा. ज्या दुकानात पोरं ब्रशने फटी साफ करतात, तिथे तो नकोच.

तुलना करायची तर हॉर्न तोच, क्रॉसओव्हर तोच, आणि आधी दोन्ही युनिटं इक्वलायझरने एका रेषेत आणायची. साधारण ३ किलोहर्ट्झच्या वर डायफ्रामचं वजनच आवाज खाली ओढू लागतं, आणि ही उतरण प्रत्येकाची वेगळी असते. ती सारखी न करता ऐकलं तर माणूस उतरण ऐकतो आणि नाव धातूला देतो. मी तानपुरा लावतो, मग बोललेली मराठी. ‘चमचा’, ‘जास्वंद’, ‘त्सुनामी’ या शब्दांतला दातांमागचा घर्षणाचा फवारा ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. कडेची घडी वाजत असेल तर ती तिथेच पकडली जाते. आवाज फार मोठा केला की फरक पुन्हा कमी होतात, कारण हॉर्नच्या गळ्यातली हवा स्वतःच विकृती निर्माण करते. दाब वाढेल आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तशी ती वाढते, डायफ्राम कशाचाही असो.

जर्मनीच्या बीएमएसने, आणि नंतर जेबीएलनेही, घुमटच काढून टाकला आणि पातळ पॉलिमरची गोल कडी बसवली. पॉलिमर धातूपेक्षा कितीतरी मऊ आहे. पण कडीची रुंदी इतकी कमी की विभागायला जागाच थोडी, आणि जे विभागतं ते पॉलिमर जिरवून टाकतं. यंदा ज्या सप्ताहाचं काम आलंय तिथे मी अशीच युनिटं लावणार आहे, ८०० हर्ट्झच्या वर. खालचं सगळं कोनच्या स्पीकरवर सोडेन. आयोजकांनी टायटॅनियमच मागितलं आहे, म्हणून एक जोडी टायटॅनियमचीही बरोबर नेईन आणि मंडप उभा राहिल्यावर, माणसं यायच्या आधी, पखवाज आणि अभंग दोन्हींवर त्यांना ऐकवेन.