काळी पिशवी

कोल्हापुरात कॅमेरा विभागात उमेदवारीला लागलो, तेव्हा उस्तादांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. हातात दिली ती चेंजिंग बॅग. जाड काळं दुहेरी कापड, बाह्यांना इलॅस्टिक. आत हात घालायचे, डबा उघडायचा, कच्ची फिल्म मॅगझिनमध्ये भरायची. सगळं बोटांनी चाचपून. 35 एमएमचं 400 फुटांचं रीळ जेमतेम साडेचार मिनिटं चालतं, पण त्यावर उजेडाची तिरीप पडली की सगळंच वाया.

दादासाहेब फाळक्यांचं नाव आमच्यात रोज निघे. मला या पिशवीमुळे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई जवळच्या वाटू लागल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादरच्या घरात त्या अंधारात बसून कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत, शिवाय युनिटचा स्वयंपाक असेच. त्यांनी दागिने दिले, हे सगळे सांगतात. मला त्यांच्या बोटांचं मोल त्याहून जास्त वाटतं. 3 मे 1913 ला कोरोनेशन थिएटरमध्ये जे लोकांनी पाहिलं, ते त्या बोटांखालून गेलेलं होतं.

पुढे एका मित्राने कोकणात स्वतःचा सिनेमा काढला. निम्मं चित्रीकरण झालं आणि पैसे घालणाऱ्याने हात वर केले. मग पावसाळा. काम पुन्हा उभं राहिलं ते मोठ्या सिनेमांच्या उरलेल्या तुकड्यांवर, शॉर्ट एंड्सवर. 100 फूट म्हणजे मिनिटाहून थोडं जास्त. मित्र आधी मला विचारायचा, ‘‘किती फूट आहे?’’ आणि मग शॉट ठरवायचा. नटांनी तालमी इतक्या केल्या की रीटेक मागायची वेळ क्वचितच आली. वैशाखात मनगटावरचा घाम फिल्मवर ओघळू नये म्हणून मी सुती पट्ट्या बांधत असे, आणि माझे हात पिशवीत असेपर्यंत मित्र स्वतः पुठ्ठ्याने वारा घालत असे.

तोवर सिनेमातल्या पोराचा आवाज फुटला होता, उंचीही वाढली होती. त्याला बसवून, पाठमोरं घेऊन निभावलं. आवाज त्याच्या धाकट्या बहिणीने दिला. तिने इतकं जीव ओतून केलं, की तो सिनेमा मी आजही तिचाच मानतो.

आता कार्डावर चित्रीकरण होतं, आणि त्याचं मला दुःख नाही. पैसे मध्येच आटणं मात्र तसंच आहे. सध्या माझ्याकडे एक मुलगी येते. तिला आपला लघुपट 16 एमएमवरच करायचाय. पिशवीत हात घालून टाकाऊ रिळावर सराव करते. परवा पहिल्यांदा तिने न अडखळता मॅगझिन भरलं. फिल्मच्या पैशांसाठी आम्ही दोघं फोन करतोय.